सोलापुरात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची आधीच तपासणी करून घ्यायची तर सिग्मॉइडोस्कोपी पुरेशी आहे की कोलोनोस्कोपीच करावी?

तुम्ही लिहिलंय की वय 46, त्रास काही नाही, घरात कुणाला हा कॅन्सर नाही आणि मेव्हणे म्हणतात, "छोटी दुर्बीण कर, भूल नको, पैसेही वाचतील." हे वाचून मला आमचे मामाच आठवले, म्हणून लिहायला बसले.

माझं मत विचाराल तर दुर्बीण घालायचीच तर पूर्ण घाला, म्हणजे कोलोनोस्कोपीच. मोठं आतडं साधारण दीड मीटरचं. सिग्मॉइडोस्कोपी, म्हणजे मेव्हण्यांची ती छोटी दुर्बीण, जाते फार तर 60 सेंटीमीटर, म्हणजे डावी बाजू दिसते. उजवीकडचं काही कळत नाही.

आमच्या अण्णांचं तेच झालं. गिरणीत आयुष्य काढलेला, भाकरी आणि शेंगाचटणीवर पोसलेला माणूस, गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर धाप लागून मटकन खाली बसला. हिमोग्लोबिन 7. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढे शौचातून थोडं रक्त दिसलं म्हणून छोटी दुर्बीण. एनिमा दिला, थोड्या वेळात अण्णा बाहेर. मूळव्याध निघाली. रिपोर्टात स्पष्ट छापलं होतं की स्कोप डिसेंडिंग कोलनपर्यंत, म्हणजे डाव्या बाजूच्या आतड्यापर्यंतच, नेला. म्हणजे पुढचं आतडं पाहिलेलंच नव्हतं. मामांनी खालचं 'नॉर्मल' तेवढं वाचलं.

मामा आयुष्यभर मेडिकलच्या काउंटरवर बसलेले, त्यामुळे घरात औषधपाण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे कलेक्टरचा हुकूम. "दुर्बीण झाली, क्लीन आहे, आता आतड्याचं नाव काढायचं नाही." मी म्हणत होते, मूळव्याधीच्या चार थेंबांनी रक्त एवढं उतरतं का? "तू डॉक्टर आहेस का गं?" विषय संपला. वजन उतरायला लागल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी पूर्ण कोलोनोस्कोपी केली. गाठ सीकमपाशी, थेट उजव्या टोकाला. तिथं आतडं रुंद, मळ पातळ, त्यामुळे अडत काही नाही. नुसतं आतल्या आत रक्त झिरपतं आणि माणूस पांढरा पडत जातो. ऑपरेशन झालं, पण अण्णा पुढं फार राहिले नाहीत.

मामा अजून म्हणतात, "आपल्या भागात हा कॅन्सर होतच नाही." बार्शीला 1987 पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंद ठेवतात, आणि आपल्याकडं हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी आहे हे खरंच. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, मामा.

अण्णांमुळं माझी स्वतःची कोलोनोस्कोपी झालीय. दुर्बिणीचं काही वाटत नाही, भुलीत कळतही नाही. छळ आदल्या दिवशीचा. दोन-तीन दिवस आधीपासून शेंगाचटणी, तीळ, भाकरी, पालेभाजी बंद, दहीभात, पेज. मग ते खारट-लिंबट औषधाचं पाणी, अर्धं रात्री, अर्धं पहाटे. पहाटेचं टाळू नका, आतडं स्वच्छ नसेल तर पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतली छोटी गाठ, दिसत नाही. आणि तारीख घेताना नळाला पाणी कधी येणार ते बघून घ्या. सोलापूरकराला जास्त सांगायला नको.

रिपोर्टात सीकमपर्यंत पोचल्याची नोंद आणि फोटो आहे का ते स्वतः बघा. दुर्बीण बाहेर काढताना किमान सहा मिनिटं तरी आतडं नीट पाहायला हवं, घाईत उरकणाऱ्याकडं जाऊ नका. पॉलिप सापडला तर बहुतेकदा तिथंच काढतात, ही खरी कमाई. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. कॅमेरा असलेली गिळायची कॅप्सूलही असते, पण तिला नुसतं दिसतं, काढता काही येत नाही.

आता तुमच्या मेव्हण्यांच्या बाजूनंही थोडं. अण्णांना लक्षणं होती, तुम्हाला नाहीत. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. छोट्या दुर्बिणीलाही पुरावा आहे: 2010 साली छापून आलेल्या ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासात 55 ते 64 वयात ती एकदाच करायला बोलावलेल्या गटात हा कॅन्सर 23 टक्क्यांनी कमी झाला. पूर्ण दुर्बिणीत आतड्याला भोक पडायचा धोका असतो, विरळा असला तरी. अमेरिकेत 2021 पासून 45 पासूनच तपासा म्हणतात. आपल्याकडं सरकारची तशी मोहीम नाही. घरात कुणाला नसेल तर दरवर्षी शौचाची फिट टेस्ट (मळात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का ते बघणारी) करून, ती पॉझिटिव्ह आली तरच कोलोनोस्कोपी, हाही रास्त मार्ग आहे. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत झाला असेल, तर मात्र चाळिशीपासून किंवा त्यांच्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून, जे आधी येईल तेव्हापासून, पूर्णच.

मामांनी स्वतः कुठलीच करून घेतली नाही. 75 नंतर सरसकट कुणाला सुचवतही नाहीत, त्यामुळं ते आता सुटले.

ता. क. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर दुर्बिणीआधी आठवडाभर बंद कराव्या लागतात. रक्त पातळ करायच्या आणि शुगरच्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा, मेडिकलवाल्याला नव्हे.