निकोडिमस, कॅन्सस: गाव मेलं म्हणायचं का?

तुमचे प्रश्न दोन. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी वसवलेलं, 2020 च्या जनगणनेत जेमतेम 14 डोकी भरलेलं निकोडिमस बघायला मुद्दाम वाट वाकडी करून जावं का? आणि रेल्वेने पाठ फिरवली म्हणून हे गाव मेलं, हे खरं का? मी कॅन्ससमधल्याच विचिटा शहरात राहत होतो तेव्हा दोनदा जाऊन आलो, एकदा चुकीच्या वेळी आणि एकदा बरोबर वेळी. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याला थोडं पाल्हाळ लावावं लागेल, कारण लोक थेट रेल्वेपासून सुरुवात करतात आणि गाव कोणी, कशासाठी वसवलं हे राहूनच जातं.

साल 1877. गुलामगिरी कायद्याने जाऊन बारा वर्षं झालेली, पण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत बऱ्याच काळ्या माणसांच्या नशिबी शेत दुसऱ्याचंच होतं, आणि त्याच वर्षी तिथलं उरलंसुरलं केंद्राचं लष्करी संरक्षणही आवरतं घेतलं गेलं. अशात डब्ल्यू. आर. हिल नावाचा गोरा जमीनवाला आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे काळे पाद्री यांनी आणखी काही जणांना धरून गावाची कंपनी काढली. केंटकी राज्यात लेक्सिंग्टन शहरात पत्रकं वाटली गेली: 5 सप्टेंबर 1877 ला कॅन्ससला जायचं असेल त्यांनी 5 डॉलर भरावेत. पुढे जमीन मिळणार होती ती होमस्टेड कायद्याने, म्हणजे 160 एकर, अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहून ती कसायची. ज्यांच्या आईबापांची बाजारात बोली लागली होती, त्यांच्यासाठी 'स्वतःच्या नावावर 160 एकर' म्हणजे काय असेल, ते सातबाऱ्यावर नाव लागण्याचं मोल कळणाऱ्या आपल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

जाता जाता एक. याच्या चारच वर्षं आधी, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. त्या मुक्त झालेल्यांतल्या काहींचं पुढे काय झालं, हे ज्या मोजक्या ठिकाणी उभं राहून बघता येतं त्यांतलं हे एक.

तर सप्टेंबरात केंटकीहून तीनशेच्या आसपास माणसं निघाली. कॅन्ससमधल्या एलिस गावापर्यंत आगगाडी, पुढे पायी नाहीतर बैलगाडीने. सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्यापाशी पोचून बघतात तर गाव नाहीच. नजर जाईल तिथवर गवत. झाड म्हणाल तर नदीकाठी काय असेल तेवढंच. काही कुटुंबं दुसऱ्याच दिवशी मागे फिरली. हिलवर लोक इतके भडकले की त्याला लपून बसावं लागलं, असं सांगतात.

पुढच्या वसंतात विलियाना हिकमन ही बाई नवऱ्याबरोबर दुसऱ्या तुकडीतून आली. त्यांच्या तुकडीला वाटेत एलिसला गोवराने गाठलं, मुलं दगावली. तिची आठवण नोंदलेली आहे. पुरुष ओरडले, "ते बघा निकोडिमस!" हिने मान उंचावून पाहिलं, तर काहीच नाही. कुठे आहे, विचारलं, तर त्यांनी बोट केलं जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे. माणसं जमिनीच्या पोटात राहत होती. ती म्हणते, मला रडूच कोसळलं.

ही 'डगआउट' म्हणजे उताराच्या पोटात खणलेली खोली. तीन बाजूंना माती, पुढच्या बाजूला गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांची भिंत, वर फांद्या, गवत आणि पुन्हा माती. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, हे सगळं ठीक. पण पाऊस लागला की छपरातून चिखल गळणार, आणि कोरडं असेल तेव्हा ताटात माती. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे धड अवजारं नव्हती, घोडे बोटांवर मोजण्याएवढे. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी आपल्यातलं मांस दिलं म्हणून काही जण तगले. जमीन फोडली ती बरीचशी कुदळ-फावड्याने. आणि ती जमीन म्हणजे शतकानुशतकांच्या गवतमुळांचं जाळं, आपल्या हरळीने भरलेल्या रानाची आजी म्हणा.

पण उभे राहिले. झॅकरी फ्लेचर पोस्टमास्तर झाले, त्यांच्या पत्नी जेनी पहिल्या शिक्षिका. 1886 ला 'वेस्टर्न सायक्लोन' नावाचं वर्तमानपत्र निघालं, लगेच दुसरंही. एवढ्याशा गावात दोन पत्रं! एडवर्ड मॅककेब 1878 ला इथे येऊन जमिनींची कागदपत्रं करू लागले आणि 1882 ला थेट कॅन्सस राज्याचे ऑडिटर म्हणून निवडून आले. राज्य पातळीवरच्या पदावर तिथे निवडून आलेला पहिला काळा माणूस.

आता रेल्वे. 1887 मध्ये मिसूरी पॅसिफिक कंपनीने गावावरून रूळ न्यावेत म्हणून लोकांनी 16,000 डॉलरचे रोखे मंजूर केले. कंपनीने अंग काढून घेतलं. युनियन पॅसिफिकचा रूळ आला, पण 1888 मध्ये, आणि नदीच्या पलीकडून. तिथे थोड्याच मैलांवर बोग नावाचं नवं गाव बसलं आणि निकोडिमसची दुकानं एकामागून एक चंबूगबाळं आवरून तिकडे गेली. त्या काळात प्रेअरीवरचं, म्हणजे या गवताळ माळावरचं, गाव म्हणजे धान्य गाडीत चढवायची जागा. बाजारपेठ रुळामागे जाणार, यात रुळाचा वाटा नक्कीच आहे.

पण माझं मत इथे जरा वेगळं आहे. रुळाने नेला तो बाजार. शेतकरी कुठे जाणार? त्यांची 160 एकर जमीन इथेच होती. बाजार उठल्यावर वीस वर्षांनी, 1907 मध्ये, त्यांनी बॅप्टिस्ट चर्चची दगडी इमारत बांधली; 1918 ला शाळा. मरत्या गावात हे कोण करतं? खरा घाव बसला तो 1930 च्या दशकात, मंदी आणि धुळीच्या वादळांचा. पाऊस एरवीही साधारण 550 मिलिमीटर, म्हणजे आपल्या सोलापूरकडच्यासारखा, आणि तोही बेभरवशाचा. शिवाय नंतर ट्रॅक्टर आले आणि एकाच घराला पूर्वीच्या कितीतरी पट जमीन कसता येऊ लागली, तिथे माणसं उरणार कशी? आजूबाजूची गोऱ्यांची गावंही अशीच रिकामी झालीत, आणि त्यांतली कित्येक रेल्वे असून. 1953 ला पोस्ट ऑफिस बंद झालं.

बघायला पाच जुन्या इमारती आहेत: दोन चर्च, शाळा, फ्लेचर यांचं सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि टाउनशिप हॉल. हा हॉल 1939 चा, पिवळसर चुनखडीचा, मंदीतल्या सरकारी रोजगार योजनेतून बांधलेला. आपल्या रोजगार हमीचा थोरला भाऊच. 1996 पासून हे सगळं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. अर्ध्या तासात बघून होतं, आणि माझं पहिल्या खेपेला तसंच झालं. मार्चमधला मंगळवार, वारा असा की गाडीचं दार हातातून सुटावं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. फोटो काढले आणि "इथे काही नाही" म्हणत निघालो.

दुसऱ्यांदा जुलैच्या शेवटच्या शनिवारी गेलो. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधली गुलामगिरी संपली त्याची आठवण म्हणून हे लोक पूर्वी 1 ऑगस्टच्या सुमारास जमायचे, आता जुलैअखेरीला जमतात. आपल्याकडे मुंबईकर चाकरमानी गणपतीला गावी येतात, अगदी तसं. डेन्व्हरकडच्या, कॅलिफोर्नियाच्या नंबरप्लेटा, मांसाच्या भट्ट्यांचा धूर, खुर्च्या टाकून बसलेल्या आज्या. एका आजीने मला विचारलं, "तू कोणाच्यातला?" मी म्हटलं, कोणाच्यातलाच नाही, भारतातून आलोय. तिने कागदी ताट हातात दिलं आणि बाजूच्या पोराला खुर्ची आणायला पिटाळलं.

तर जायचं असेल तर तो आठवडा धरा. विचिटाहून साडेतीन-चार तास लागतात. पेट्रोल जवळच्या हिल सिटी किंवा स्टॉकटन या गावांत भरून घ्या, गावात मिळणार नाही. डोक्याला टोपी हवीच, सावली फार थोडी. दफनभूमीकडेही जाऊन या. केंटकीत गुलाम म्हणून जन्मलेली माणसं तिथे स्वतःच्या मालकीच्या मातीत आहेत. आणि परतताना नदी ओलांडून बोगला पाच मिनिटं गाडी थांबवा. ज्या गावाने रूळ मिळवला, तेही आता केवढंसं उरलंय ते बघा.