सायलेन्सर बदलला, फिल्टर बदलला, आता इंधनाचं काय? : वाचकांची प्रश्नोत्तरे

फ्युएल इंजेक्शनच्या मोटरसायकलवर बाहेरचा सायलेन्सर किंवा एअर फिल्टर बसवल्यावर येणाऱ्या अडचणींचे हे प्रश्न आहेत. बहुतेक उत्तरांचं मूळ एकच आहे: आधी गळती शोधा, मग मोजा आणि त्यानंतरच मॅपला (किती इंधन द्यायचं याच्या तक्त्याला) हात लावा. हा क्रम उलटा झाला की ट्यूनिंग चुकीच्या आकड्यांवर उभं राहतं.

प्रश्न : फक्त मागचा सायलेन्सर बदललाय. बेंडपाइप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, फिल्टर सगळं कंपनीचंच आहे. रीमॅप करावंच लागेल का?

बहुतेक वेळा नाही. कन्व्हर्टर बेंडपाइपमध्ये असेल तर धुराच्या वाटेतला मोठा अडथळा तोच, आणि तो जागेवर आहे. शिवाय आयडलिंगला आणि एकसारख्या वेगात चालवताना ईसीयू (इंजिनाचा संगणक) धुरातल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघून इंधन स्वतःच कमी-जास्त करतो. ॲक्सिलरेटर जोरात पिळला की मात्र तो सेन्सरचं ऐकत नाही, ठरलेल्या तक्त्यावर चालतो. फरक पडलाच तर तिथे पडेल. वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण नेमकं मोजणारा) लावून पूर्ण थ्रॉटलचं रीडिंग घ्या. लॅम्डा (१ म्हणजे हवा-इंधन संतुलित, १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त) ०.९० च्या आसपास राहत असेल तर काहीही बदलू नका. कन्व्हर्टर सायलेन्सरच्याच डब्यात होता आणि तोही गेला असेल, तर तुमची गाडी पुढच्या प्रश्नातल्या गटात धरा. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा कन्व्हर्टर काढणं अनेक ठिकाणी बेकायदा आहे, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : पूर्ण एक्झॉस्ट बसवला. ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फट्-फट् आवाज येतो. मिक्स्चर लीन (इंधन कमी, हवा जास्त) झालंय म्हणून मेकॅनिक इंधन वाढवायला सांगतो.

इतक्यात वाढवू नका. थ्रॉटल बंद झाल्यावर सिलिंडरमधून थोडं न जळलेलं मिक्स्चर बाहेर येतं. पाइप तापलेला असतोच. त्यात बाहेरची ताजी हवा मिसळली की ते पाइपमध्येच पेटतं. म्हणून ही हवा कुठून शिरते, हे आधी शोधायचं.

इंजिन थंड असताना स्टार्ट करा, जाड हातमोजा घालून सायलेन्सरचं तोंड कापडाने दोन-तीन सेकंद दाबा आणि जोडांपाशी कान द्या. फुस्स असा आवाज आला की गळती सापडली. जोडाभोवती काजळीचे काळे ओघळ असतील तर तीही तीच खूण. सिलिंडर हेडकडचं गॅस्केट एकदा दाबलं गेलं की पुन्हा नीट बसत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी नवं घाला. फिटिंग करताना आधी सगळे क्लॅम्प आणि ब्रॅकेट सैल ठेवा. हेडचे नट आलटून पालटून हलके आवळा, मग मागचे ब्रॅकेट, आणि शेवटी हेडचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आणा. आधी मागचं टोक घट्ट केलं तर पाइप ताणात राहतो आणि गॅस्केट एका बाजूने उघडं पडतं. एकदा गाडी पूर्ण तापवून गार झाल्यावर टॉर्क पुन्हा तपासा.

गळती नसेल तर एअर इंजेक्शनचा व्हॉल्व्ह बघा. प्रदूषण कमी करण्यासाठी तो एक्झॉस्ट पोर्टमध्ये मुद्दाम हवा सोडतो. त्याची रबरी नळी चाचणीपुरती चिमटा लावून बंद करा. आवाज थांबला तर कारण कळलं. त्यानंतर उरलेला हलका आवाज बहुतेक मोकळ्या सायलेन्सरमुळे जास्त ऐकू येतो एवढंच, त्याने इंजिनाचं काही बिघडत नाही.

आता मेकॅनिकचा सल्ला. अनेक ईसीयू थ्रॉटल बंद असताना वरच्या आरपीएमला इंजेक्टर पूर्ण बंद ठेवतात. तिथे तक्त्यात शून्य टक्के थ्रॉटलच्या रकान्यात कितीही इंधन वाढवलं तरी उपयोग नाही, कारण इंजेक्टर उघडण्याची पल्सच नसते. शिवाय ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर सेन्सरला जादा हवा दिसते, ईसीयू मिक्स्चर लीन समजून आणखी इंधन ओततो आणि गाडी प्रत्यक्षात रिच (इंधन जास्त) चालते.

प्रश्न : वाइडबँड घेतलाय. तो नेमका कुठे बसवायचा आणि रीडिंगवरून तक्ता कसा सुधारायचा?

सेन्सर कन्व्हर्टरच्या आधी, सगळ्या जोडांच्या गळत्या बंद करून बसवा. त्याचं टोक खाली झुकलेलं हवं, म्हणजे सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर उचललेला असावा. नाहीतर पाइपातलं पाणी त्यात साचतं आणि तापलेलं सिरॅमिक तडकतं. सायलेन्सरच्या तोंडात नळी घालून घेतलेलं रीडिंग कमी आरपीएमला फसवं असतं, कारण बाहेरची हवा उलटी आत ओढली जाते. चालू इंजिनमध्ये सेन्सर हीटरशिवाय ठेवू नका, तो काजळीने खराब होतो.

मोजताना इंजिन पूर्ण तापलेलं हवं आणि ईसीयूची सेन्सरवरून होणारी दुरुस्ती बंद हवी. ती चालू असेल तर तुम्ही दिलेला बदल तो पुसून टाकतो. मग डायनोवर (गाडी जागच्या जागी भार देऊन चालवायच्या यंत्रावर) थ्रॉटल २, ५, १०, १५, २०, ३०, ४०, ६०, ८० आणि १०० टक्क्यांवर स्थिर धरून प्रत्येक आरपीएमचं रीडिंग घ्या. क्षणिक आकडा घेऊ नका, एक-दोन सेकंदांची सरासरी घ्या. खालच्या थ्रॉटलचे टप्पे जवळजवळ ठेवलेत, कारण रोजचं चालवणं तिथेच होतं आणि तिथे थ्रॉटल जरासा हलला तरी हवेचं प्रमाण खूप बदलतं.

हिशोब सोपा आहे. मोजलेल्या लॅम्डाला हव्या असलेल्या लॅम्डाने भागा. ६००० आरपीएम, ६० टक्के थ्रॉटलला ०.९८ आलं आणि ०.९० हवं असेल, तर ०.९८ ÷ ०.९० = १.०८९, म्हणजे तक्त्याच्या त्या घरात इंधन सुमारे ९ टक्के वाढवायचं. बदल करून पुन्हा मोजा. एका घराला १५ टक्के आणि शेजारच्याला २ टक्के असं निघालं तर तक्ता नव्हे, मोजमाप तपासा. पूर्ण भाराला ०.८६ ते ०.९०, एकसारख्या वेगाला ०.९८ ते १.०० हे पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी सुरुवातीचे चांगले आकडे आहेत. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला पूर्ण भाराला थोडं रिच ठेवा.

दोन फसगती जपून टाळा. पहिली, मिसिंग. स्पार्क चुकला की न जळलेल्या पेट्रोलसोबत न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर येतो. सेन्सर फक्त ऑक्सिजन ओळखतो, त्यामुळे अति रिच मिक्स्चरमुळे मिसिंग करणारी गाडीही 'लीन' दिसते. इंधन वाढवल्यावर रीडिंग आणखी लीन झालं तर लगेच थांबा आणि प्लग, कॉइल तपासा. दुसरी, मीटरची पट्टी. हवा-इंधनाच्या संतुलित प्रमाणाचा १४.७ हा आकडा मीटर शुद्ध पेट्रोल धरून दाखवतो. २० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनात संतुलित प्रमाण १३.५ च्या जवळ येतं, तरीही मीटर तिथे १४.७ च दाखवतो. म्हणून मीटर लॅम्डावर ठेवा, इंधन कुठलंही असो अर्थ बदलत नाही.

प्रश्न : एअरबॉक्स काढून कोन फिल्टर लावला. सकाळी गाडी झकास चालते, पण गर्दीत तापली की पिकअप मरतो.

हवेच्या तापमानाचा सेन्सर कुठे गेला ते बघा. तो मूळ एअरबॉक्समध्ये होता आणि आता इंजिनाच्या किंवा रेडिएटरच्या शेजारी लोंबकळत असण्याची शक्यता मोठी आहे. हवा ३० अंशांची आणि सेन्सर ६० सांगतोय, असं धरा. गरम हवा विरळ असते, म्हणून ईसीयू इंधन कमी करतो. केल्व्हिनमध्ये ३०३ ÷ ३३३ = ०.९१, म्हणजे जवळपास ९ टक्के कपात, आणि तीही गरज नसताना. सेन्सर फिल्टरच्या गळ्यापाशी, आत जाणाऱ्या हवेच्या वाटेत बसवा. तरीही आमचं मत एअरबॉक्स परत लावून त्यात जास्त हवा सोडणारा सपाट फिल्टर घालावा, असंच आहे. एअरबॉक्सचं आकारमान ठरावीक आरपीएमला हवा भरण्यासाठी जुळवलेलं असतं, आणि इंजिनाला थंड हवाही तोच पुरवतो. तेल लावायचा कापडी फिल्टर असेल तर तेल हलकं लावा, मुरू द्या, जादा तेल टिपा. ओथंबलेल्या फिल्टरचं तेल उडून सेन्सरवर बसतं.

प्रश्न : पिगीबॅक बॉक्स घ्यावा की ईसीयूच फ्लॅश करावा?

केबलचा थ्रॉटल असेल आणि फक्त इंधन जुळवायचं असेल तर पिगीबॅक पुरतो. तो ईसीयू आणि इंजेक्टरच्या मध्ये बसून पल्स लांब किंवा आखूड करतो आणि काढताही येतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीवर मात्र फ्लॅश, म्हणजे ईसीयूतली फाइलच नव्याने लिहिणं, बरं. तुम्ही हँडल पूर्ण पिळता, पण काही गिअरमध्ये ईसीयू थ्रॉटल पूर्ण उघडतच नाही. हे साध्या पिगीबॅकला बदलता येत नाही. थ्रॉटल बंद असतानाची इंधनकपात आणि इग्निशनचं टायमिंगही फ्लॅशमध्येच हाताळता येतं. लिहिण्याआधी मूळ फाइल वाचून जपून ठेवा आणि बॅटरीला चार्जर जोडा. मधेच व्होल्टेज पडलं तर ईसीयू मरू शकतो. कुणा दुसऱ्याच्या गाडीची तयार फाइल फक्त सुरुवात म्हणून वापरा.

प्रश्न : तापमान सेन्सरच्या वायरीत रेझिस्टर लावून इंधन वाढवतात. चालेल का?

नाही. हवा थंड असल्याचं भासवून ते सगळीकडे सरसकट इंधन वाढवतं. जिथे ईसीयू सेन्सरवर चालतो तिथे ही वाढ तो काढून टाकतो. उलट थंड स्टार्ट आणि टायमिंग बिघडू शकतं.

प्रश्न : सगळं जुळलं, पण १०,००० आरपीएमला लॅम्डा लीनच राहतो. तक्त्यात वाढवूनही फरक नाही.

इंजेक्टरची क्षमता संपलीय का ते आधी बघा. चार स्ट्रोकच्या इंजिनाचं एक चक्र दोन फेऱ्यांचं, म्हणजे १०,००० आरपीएमला १२ मिलिसेकंदांचं. पल्स १०.२ मिलिसेकंद झाली की इंजेक्टर ८५ टक्के वेळ उघडा आहे आणि त्यापुढे फारशी जागा उरत नाही. लॉगमध्ये पल्स याहून बरीच लहान असेल तर इंधनाचा दाब मोजा. बऱ्याच गाड्यांत तो ३ बारच्या आसपास असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. हा दाब आयडलिंगला नव्हे, डायनोवर भार असताना बघायचा. ३ बारचा २.५ झाला तर इंधन जवळपास ९ टक्के कमी येतं, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. अशा वेळी टाकीतली जाळी, पंप आणि पंपाला मिळणारं व्होल्टेज तपासा. ते दुरुस्त झाल्यावर वरच्या आरपीएमच्या घरांत आधी घातलेली वाढ काढून पुन्हा मोजा, नाहीतर तिथे गाडी रिच चालेल.