१०० केव्हीएच्या डीपीचं (वितरण ट्रान्सफॉर्मरचं) डिझाइन एक्सेलमध्ये जमतं का? तयार शीट कुणी देईल का?

कुपवाड एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या वर्कशॉपला नुकते लागलात आणि तयार शीट हवी म्हणता. एक्सेलमध्ये सगळं जमतं. तयार शीट मात्र कुणाचीच घेऊ नका, माझीसुद्धा. कोरी फाइल उघडा.

११०००/४३३ व्होल्ट, डेल्टा-स्टार, अॅल्युमिनियम वाइंडिंग धरू. व्होल्ट पर टर्न, म्हणजे एका वेढ्यामागचे व्होल्ट, ०.४२ × √१०० = ४.२ (०.४२ हा अनुभवाने धरलेला गुणांक). एलव्हीचं (कमी व्होल्टेजच्या वाइंडिंगचं) फेज व्होल्टेज २५०, म्हणजे ५९.५ टर्न. ते ६० करा आणि ४.२ तिथेच पुसून टाका. आता व्होल्ट पर टर्न ४.१६७ आणि एचव्हीचे (जास्त व्होल्टेजच्या वाइंडिंगचे) टर्न बरोबर २६४०. टर्न राउंड करायचे आणि फ्लक्स मात्र जुन्या ४.२ वरच काढायचा, हा घोळ सर्रास दिसतो. १.६ टेस्ला फ्लक्स डेन्सिटी आणि ५० हर्ट्झला कोअरचा नेट एरिया ४.१६७ ÷ (४.४४ × ५० × १.६), म्हणजे ११७ चौ. सेंमी. १.६९ टेस्लाच्या वर जाऊ नका. १२.५ टक्के ओव्हरफ्लक्सिंगला त्याचे १.९ होतात आणि सीआरजीओ (कोअरचं सिलिकॉन स्टील) सॅच्युरेट व्हायला लागतं.

एचव्हीचा फेज करंट ३.०३ अँपिअर, ५.२५ हा लाइनचा, तो वाइंडिंगला लावू नका. १.५ अँपिअर प्रति चौ. मिमीने २.०२ चौ. मिमी येतात, १.६ मिमीची तार बसते. फेजमागे चार कॉइल केल्या तर प्रत्येकी ६६० टर्न. एका लेअरमध्ये ४६ टर्न घेतले तर ६६० ÷ ४६ = १४.३५. इथे राउंड वापरलं की शीट १४ लेअर दाखवते आणि वाइंडरच्या हातात १६ टर्न उरतात. राउंडअपच हवं. उंची काढताना मात्र ४६ नाही, ४७ तारांची जागा धरा; वेढा तिरका चढतो. एलव्हीलाही तेच: दोन लेअर, ३० चे ३१.

आता लॉक केलेल्या सेलबद्दल. याच पट्ट्यातल्या एका वर्कशॉपात पासवर्ड लावलेली शीट होती, मूळ कॉपरसाठी केलेली. अॅल्युमिनियम आलं तेव्हा घनता ८.८९ ची २.७ केली, कारण तो सेल उघडा होता. लोड लॉसच्या फॉर्म्युल्यातला २.३७ आत गाडलेला, तो तसाच राहिला. ७५ अंशांना कॉपरचा लॉस किलोमागे २.३७ × करंट डेन्सिटीचा वर्ग, अॅल्युमिनियमचा १२.८ × तोच वर्ग. म्हणजे शीट खऱ्या लॉसच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी दाखवत होती आणि मालक खूश! टेस्टिंगला जास्त आला तेव्हा तारवाल्याला शिव्या. फॉर्म्युला दाखवा म्हटलं तर उत्तर: ‘शीट उघडी ठेवली की पोरं बिघडवतात.’ पोरांनी ती बघितली असती तर एका दुपारी सापडलं असतं. माझं मत आजही तेच आहे: रेझिस्टिव्हिटी, घनता, स्टॅकिंग फॅक्टर (कोअरच्या रचलेल्या जाडीत खरं स्टील किती), सगळे स्थिरांक एका पानावर, उघडे, युनिटसकट. फॉर्म्युल्यात आकडा टाइप करायचा नाही.

५० टक्के लोडचा टोटल लॉस निम्मा नसतो. नो-लोड लॉस पूर्ण धरायचा, लोड लॉस पाव.

इम्पीडन्सला (४.५ टक्के) शीट गोल फिरते. उंची बदलली की लेअर बदलतात, लेअरने जाडी बदलते, जाडीने रिअॅक्टन्स, आणि तो जमवायला पुन्हा उंची. एक्सेल सर्क्युलर रेफरन्सची तक्रार करतं, मग लोक इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन चालू करून मोकळे होतात. तसं केलं की चुकून लागलेलं वर्तुळही गुपचूप खपतं. त्यापेक्षा धरलेली उंची आणि निघालेली उंची शेजारी दोन सेलमध्ये ठेवा, फरक शून्याजवळ येईपर्यंत हाताने बदला. गोल सीकला (हवं ते उत्तर येईपर्यंत इनपुट बदलणारी एक्सेलची सोय) टर्नच्या सेलला हात लावू देऊ नका, तो ५९.३७ आणून ठेवतो.

हे सगळं कोअर-कॉइलपुरतं. स्ट्रे लॉस (गळक्या फ्लक्समुळे होणारा जादा लॉस) वर धरलेला नाही, तो वेगळा मिळवा. टँक, तेल आणि रेडिएटरचं पान वेगळं करा. दुरुस्तीला आलेल्या डीपीत मुळात कोअर बदलायचा नसतो, तेव्हा शीट उलटी चालवा: कोअरचा एरिया मोजून इनपुटला टाका आणि टर्न त्यावरून काढा.