हा झोपेचा प्रश्न नाही, आधी बाळाचं वजन करून घे

तुझी पोस्ट दोनदा वाचली. बाळ १९ दिवसांचं आहे, दर तीन तासांनी दोन्ही बाजूंना दहा-दहा मिनिटं पाजतेस, तरी मधल्या वेळात ते रडतं, पिता पिता झोपतं आणि खाली ठेवलं की पाच मिनिटांत जागं होतं. निपलना चिरा पडल्यात, टाके ठसठसतात, पुढची तपासणी थेट सहाव्या आठवड्यात आहे, आणि तू विचारतेस की बाळाला झोपेची सवय कशी लावू. अगं, हे सगळं मी जसंच्या तसं भोगलंय. (अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.)

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. दोन बाळंतपणं झाली, त्यातलं पहिलं फार अवघड गेलं, एवढाच माझा अधिकार. त्यामुळे मी सांगते ते तपासून घे. पण एक गोष्ट ठासून सांगते. तुझ्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये बाळाचं जन्माचं वजन आहे, आजचं नाही. ते कळेपर्यंत झोपेबद्दलचा कुणाचाही सल्ला मनावर घेऊ नकोस, माझासुद्धा.

बाळाला कसं धरायचं, ढेकर कसा काढायचा हे कुणी ना कुणी दाखवलं असेलच, ते सोडून देते. माझं काय चुकलं ते सांगते.

घरी सोडताना मलाही एक छापील कागद दिला होता. दर तीन तासांनी, एकेका बाजूला दहा मिनिटं. मी आयुष्यभर कागदावर लिहिलेलं पाळणारी बाई, मी मोबाइलवर गजर लावले. माझा मुलगा सुरुवातीची सहा-सात मिनिटं नुसता चुपुचुपु करायचा, मग कुठे दूध उतरायचं, तो घटाघट गिळायला लागायचा आणि गजर व्हायचा. मी त्याला ओढून दुसऱ्या बाजूला लावायचे. तिथे पुन्हा तेच. तो अर्धपोटी दमून झोपायचा, मला वाटायचं पोट भरलं. अर्ध्या तासात रडला की वाटायचं, तीन तास कुठे झालेत, आता कशाला पाजायचं. हातावर झुलवत बसायचे.

दूध कसं बनतं हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. स्तनात दूध साठून राहिलं की शरीराला कळतं, एवढं लागत नाही, आणि ते बनवणं कमी करतं. रिकामं झालं की जास्त बनवतं. म्हणजे मी गजर लावून रोज स्वतःचं दूध थोडं थोडं आटवत होते. नवजात बाळं २४ तासांत साधारण ८ ते १२ वेळा पितात, आणि तीही सारख्या अंतराने नाही. संध्याकाळी दोन-तीन तास सलग लागतील, मग एकदम मोठी डुलकी काढतील. ते बिघडलेलं वेळापत्रक नाही, बाळ असंच पितं.

त्यात पकडही वरवरची होती. पाजून झाल्यावर निपल एका बाजूने चपटं, तिरकं बाहेर यायचं. सगळे म्हणायचे, पहिला महिना दुखतंच. पहिले काही दिवस सुरुवातीला हुळहुळतं हे खरं, पण पूर्ण पाजेपर्यंत डोळ्यांत पाणी यावं, चिरा पडाव्यात, रक्त यावं हे सहन करायचं नसतं. पकड बरोबर असेल तर तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनात रुतलेली दिसते. निपलच्या खालचा काळा भागही तोंडात असतो. गिळताना ऐकू येतं. नुसतं चोखणं म्हणजे पिणं नाही, हा फरक मला चौथ्या आठवड्यात कळला.

आता जे आठवलं की अजूनही माझा जीव जळतो ते. बाराव्या दिवशी मला शंका आली होती. दिवसाला चारच लंगोट ओले होत होते. मी फोन केला. प्रसूती विभागाच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, बाळाचं असेल तर बालविभागात विचारा. बालविभाग म्हणाला, दूध कमी असेल तर तो आईचा प्रश्न आहे, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. मी परत पहिल्या ठिकाणी फोन केला, तर उत्तर मिळालं, तुमची तारीख सहाव्या आठवड्यातली आहे, तेव्हा या. एका शरीरातून निघालेलं दूध दुसऱ्या शरीरात जातं, आणि दोन खिडक्यांना वाटतं ते दुसऱ्या खिडकीचं आहे! एकीनेही विचारलं नाही की वजन किती, शू किती वेळा. आणि मी काय केलं, तर फोन ठेवला आणि वाट पाहिली. सोळा दिवस. ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक.

अठ्ठाविसाव्या दिवशी दुसऱ्याच एका दवाखान्यात वजन केलं, तर तो जन्मापेक्षा ६० ग्रॅमने कमी भरला. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतं, सात टक्क्यांपर्यंत चालतं, दहाच्या आसपास गेलं तर बघावंच लागतं. पण दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. त्यानंतर पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ होते. हे आकडे मला बाराव्या दिवशी माहीत असते तर मी त्या खिडकीवर बाळाला घेऊन जाऊन उभी राहिले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बाळंतपणानंतरच्या तपासण्यांबद्दल जे सांगितलंय, त्यात किमान चार भेटी आहेत: पहिल्या २४ तासांत, ४८ ते ७२ तासांत, सातव्या ते चौदाव्या दिवसात आणि सहाव्या आठवड्यात. ती तिसरी भेट नेमकी यासाठीच असते. तुलाही ती मिळालेली दिसत नाही.

तिथल्या नर्सने मला अख्खं एक पाजणं शेजारी बसून बघितलं. वीस-पंचवीस मिनिटं. त्याआधी एकाही माणसाने हे केलं नव्हतं. तिने पकड सुधारली, घड्याळ काढून ठेवायला सांगितलं, आणि अंगावर पाजून झालं की काढलेलं दूध, कमी पडलं तर पावडरचं, असं काही आठवडे द्यायला लावलं. पावडरचं दूध दिलं म्हणून मी तेव्हा रडले. आता वाटतं, भुकेल्या बाळाला दूध दिलं यात रडण्यासारखं काय होतं? फक्त वरचं दूध सुरू झालं की तेवढ्या वेळी पंपाने किंवा हाताने दूध काढत राहा, नाहीतर तुझं आणखी कमी होईल. पकड कुणी बघेपर्यंत महागडा पंप घेऊ नकोस, असं माझं मत आहे. काहींना तो लगेच लागतो, तेव्हा हे शेवटचं धरू नकोस.

वजन होईपर्यंत लंगोट मोज. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा चांगले ओले हवेत, शी पिवळी हवी. शू त्याहून कमी असेल, विटकरी डाग पडत असतील, बाळ पाजायलाही उठत नसेल, मलूल वाटत असेल, पिवळेपणा वाढत असेल किंवा ताप ३८ अंश सेल्सिअस वा जास्त असेल, तर आजच, रात्र असली तरी घेऊन जा. आणि वजन भरून येईपर्यंत त्याला सलग चार-चार तास झोपू देऊ नकोस, उठवून पाज.

झोपेचं थोडक्यात. या वयात बाळं दिवसाकाठी १४ ते १७ तास झोपतात, पण तुकड्यातुकड्यांनी. दिवस-रात्र कळायला दोन-तीन महिने लागतात, तोवर सवय लावण्यासारखं फारसं काही नसतं. त्यांची निम्मी झोप हलती असते: कण्हतात, हातपाय झाडतात, डोळेही किलकिले करतात. मी प्रत्येक आवाजाला उचलून त्याला उलट जागं करायचे. मिनिटभर थांबून बघ.

आणि कृपा करून, सोफ्यावर किंवा खुर्चीत पाजताना झोपू नकोस. मी एकदा पहाटे चारला सोफ्यावर जागी झाले, तेव्हा तो माझ्या आणि पाठीच्या उशीच्या मधल्या फटीत सरकला होता. त्या जागा खरोखर जिवावरच्या आहेत. बाळ वेगळ्या, सपाट, टणक गादीवर उताणं, उशी-पांघरुणाशिवाय झोपवायचं. डोळा लागणारच असं वाटलं तर उश्या आणि दुलया आधीच काढलेल्या सपाट अंथरुणावर बसून पाज, सोफ्यापेक्षा ते कमी धोक्याचं. जाग आली की त्याला त्याच्या जागी ठेव.

स्तनात गाठ झाली तर जोरात चोळू नकोस. मी चोळून सूज वाढवून घेतली. आता गार पट्टी, हलका हात आणि नेहमीसारखं पाजणं असं सांगतात. अंगात ताप आला तर डॉक्टर.

तुझ्या टाक्यांबद्दल. दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. वाढत असेल, वास येत असेल, पाणी येत असेल तर सहाव्या आठवड्याची वाट बघू नकोस. माझे पिकले होते आणि तारीख लांब म्हणून मी गप्प बसले. तासाभरात पॅड भिजेल इतकं अंगावरून जाणं, एकाच पोटरीत दुखणं-सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, छातीत दुखणं, यातल्या कशालाही तारीख नसते. मनाचंही तसंच. पहिले दोन आठवडे उगाच रडू येतं, ते ओसरतं. तुझं ओसरलं नसेल तर बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीची एडिनबर्गची दहा प्रश्नांची चाचणी माग. ती १९८७ पासून वापरात आहे, पाच मिनिटं लागतात.

उद्या सकाळी फोन करताना 'बाळ झोपत नाही' असं म्हणू नकोस, त्याला ठरलेलं उत्तर येतं. असं म्हण: 'बाळ १९ दिवसांचं आहे, जन्माच्या वजनावर आलंय का माहीत नाही, पाजताना चिरा पडतात, आज वजन करायचंय आणि पाजताना कुणीतरी बघायला हवंय.' आमच्याकडे नाही म्हणाले तर मग कुणाकडे, ते नाव आणि नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस. जमलं तर हा फोन नवऱ्याला करू दे, आणि तेवढा वेळ तू आडवी हो.