स्थलांतरित कुटुंबांसोबत काम सुरू करताना

सर्वात आधी तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका: व्हिसा, राहण्याची परवानगी आणि कामाचा परवाना. अनेक देशांत व्हिसा फक्त आत येण्यापुरता असतो, मुक्कामाची मुदत वेगळी ठरते. कामाचा परवाना तर बऱ्याचदा एकाच मालकाशी बांधलेला असतो. म्हणून कुणी ‘नोकरी सोडतोय’ म्हणालं, तर राजीनामा देण्याआधीच त्यांची वकिलाशी गाठ घालून द्या. बायको-मुलांचा परवानाही त्यावरच अवलंबून असू शकतो. नवऱ्याला सोडलं तर आपला परवानाही जाईल, याचीच भीती घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला असते; अशा पीडितांसाठी काही देशांत वेगळी तरतूद आहे, ती नक्की विचारा.

मालकाने पासपोर्ट काढून घेतला असेल तर तो ‘तिथला रिवाज’ समजू नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सक्तमजुरीच्या ११ लक्षणांपैकी ते एक आहे.

अटकेतल्या परदेशी माणसाला १९६३च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या वकिलातीशी संपर्काचा हक्क असतो. पण आश्रय मागणाऱ्याच्या बाबतीत त्याला विचारल्याशिवाय वकिलातीला फोन कधीच करू नका. ज्या सरकारपासून तो पळाला, त्यालाच पत्ता कळेल. १९५१च्या निर्वासित करारानुसार, जिथे छळाचा धोका आहे तिथे निर्वासिताला परत पाठवता येत नाही.

व्हिसा, परवाना किंवा आश्रयाच्या अर्जात काय लिहावं हे तुम्ही सांगू नका. बऱ्याच ठिकाणी असा सल्ला द्यायला परवाना लागतो. आणि मदतीला गरज नसेल तर कुणाच्या फाइलमध्ये ‘बेकायदा’ अशी नोंद करू नका. ती फाइल उद्या कोण मागवेल, सांगता येत नाही.