उणे ४० अंशात तेलक्षेत्रावर काम: कपडे, सवय आणि एक जुना वाद

तुम्ही विचारलंय की कॅनडात, उत्तर अल्बर्टात तेलक्षेत्रावर हिवाळ्यात उघड्यावर काम जमेल का, कपडे कोणते घ्यावेत आणि थंडीची सवय व्हायला किती दिवस लागतात. काम जमतं. खरं तर तिथे हिवाळ्यातच जोर असतो, कारण दलदलीची जमीन गोठल्याशिवाय जड यंत्रं आत नेता येत नाहीत.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. अंगालगत मेरिनो लोकर. सुती नको, घामाने भिजलं की वाळत नाही. स्वस्तातलं पॉलिस्टर तर मुळीच नको, गॅसचा भडका उडाला की वितळून कातडीला चिकटतं. बूट एक नंबर मोठे घ्या. दाढी ठेवू नका, विषारी वायूपासून वाचवणारा मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत नाही.

आता सवय. ‘होईल हळूहळू सवय’ हे मी तिथे फार ऐकून घेतलंय, म्हणून स्पष्ट लिहितो: नाही होत. मनाची तयारी होते, थोडंफार शरीरही सरावतं. पण कातडी शून्याच्या जरा खाली गेली की गोठतेच, मग तुमचा पहिला हिवाळा असो की विसावा.

एका रात्री विहिरीवरून निघणारी गॅसची लाइन तुंबली. गॅस आणि त्यातलं पाणी दाबाखाली एकत्र येऊन बर्फासारखा घट्ट गोळा बनतो, त्याला हायड्रेट म्हणतात. तो बनू नये म्हणून लाइनमध्ये मेथनॉल सोडणारा पंप बंद पडला होता, त्यामुळे हे होणारच होतं. गोळ्याच्या दोन्ही बाजूंचा दाब आधी उतरवला. एकाच बाजूला दाब राहिला तर सुटलेला गोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, माणसं मेली आहेत त्याने. मग मी आणि माझा जोडीदार वाफेच्या होजने पाइप शेकायला लागलो. पारा उणे ३५, वाऱ्यामुळे जाणवत होती उणे ४५ ची थंडी. वाफ हवेत गेली की तिची भुकटी व्हायची आणि आमच्या भुवयांवर, कॉलरवर बसायची. त्या पांढऱ्या भुकटीमुळे त्याच्या गालावरचा डाग मला जरा उशिराच दिसला. नखाएवढा, मेणासारखा पिवळट पांढरा. दुखतंय का विचारलं, तर म्हणाला, मघाशी झोंबत होतं, आता काही नाही.

दुखायचं थांबलं की समजायचं, पाणी डोक्यावरून जातंय. मी वाफ बंद केली आणि त्याला ट्रकमध्ये बसवलं. तो गाल चोळायला लागला, मी त्याचा हात धरला. गोठलेला भाग चोळायचा नसतो, नुसता गरम तळहात टेकवून ठेवायचा.

तेवढ्यात रेडिओवर सुपरवायझर: अजून दहा मिनिटं, संपवून टाका. मी नाही म्हटलं. यावर तो म्हणाला, तुम्हा गरम देशातल्या लोकांना हे झेपत नाही. अरे, गाल कोणाचा गोठला होता? माझा जोडीदार अल्बर्टातच जन्मला, तिथेच वाढला!

जाणवणारं तापमान उणे ४० ते उणे ४७ असेल तर उघडी कातडी ५ ते १० मिनिटांत गोठू शकते, असं कॅनडाचं हवामान खातंच सांगतं. त्यात जन्मगाव विचारायचा रकाना नाही. आणि बधिर बोटांनी चुकीचा व्हॉल्व्ह फिरवला तर किती वेळ जाईल, याचा हिशोब त्या माणसाने कधी केला नाही. अल्बर्टाच्या कायद्यात अमुक अंशाला काम बंद असा आकडा नाही, पण धोक्याचं काम नाकारायचा हक्क कामगाराला आहे. मी तोच वापरला. लाइन आम्ही शेकून आल्यावर, त्याच पाळीत मोकळी केली.

सगळे सुपरवायझर असे नसतात, पुढे मला फार चांगली माणसं भेटली. आणि बोटं कडक, पांढरी पडली असतील तर तळहाताने भागत नाही, सरळ दवाखाना गाठायचा. पुन्हा गोठायची शक्यता असेल तर वाटेत शेकायचंही नाही. थंडीत बोटं एरवीही पांढरी पडत असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

पहिल्याच दिवशी विचारा, शेकायची खोली कुठे आहे आणि किती वेळाने आत यायचं. ‘होईल सवय’ असं उत्तर आलं तर दुसरी टोळी मागा, आणि कारण विचारलं तर तोंडावर सांगा.