होमोटोपीत पीएचडी करू द्या, पण प्रश्न नीट निवडून

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘स्पेक्ट्रांवरच्या मॉडेल स्ट्रक्चर’वर पीएचडी करायची म्हणते. तिचे सर म्हणतात, यात स्कोप नाही. मी म्हणतो, बँकेच्या परीक्षा दे. काय करावे? – एक पालक

उत्तर : मुलीचं खूळ नाही, विषय भक्कम आहे. तो अल्जिब्राइक टोपोलॉजीतला, म्हणजे आकारांचा अभ्यास बीजगणितानं करणाऱ्या शाखेतला. त्यातली होमोटोपी म्हणजे एका फलनाचं न तोडता, सलगपणे दुसऱ्यात केलेलं रूपांतर. पण सरांचं म्हणणंही सगळं उडवून लावू नका.

स्पेक्ट्रम (अनेकवचन स्पेक्ट्रा) म्हणजे अवकाशांची, म्हणजे अशा आकारांची एक मालिका. प्रत्येकाच्या सस्पेन्शनपासून (आकाराची मिती एकनं वाढवणाऱ्या रचनेपासून) पुढच्या अवकाशापर्यंत एक फलन दिलेलं असतं. मॉडेल कॅटेगरी ही क्विलन यांनी १९६७ मध्ये मांडलेली चौकट. कोणती फलनं समतुल्य धरायची आणि तसं धरून हिशेब कसा चालवायचा, याचे नियम ती देते. बाउसफील्ड आणि फ्रीडलँडर यांनी १९७८ मध्ये ती स्पेक्ट्रांवर बसवली. घोडं अडलं गुणाकारापाशी. स्मॅश प्रॉडक्ट या स्पेक्ट्रांच्या गुणाकारात क्रम बदलला तर उत्तर फक्त होमोटोपीपुरतं तेच यायचं. त्यात लुईस यांनी १९९१ मध्ये सिद्ध केलं की स्पेक्ट्रांच्या कॅटेगरीकडून (स्पेक्ट्रा आणि त्यांच्यातली फलनं यांच्या एकत्रित व्यवस्थेकडून) ठेवलेल्या पाच साध्या अपेक्षा एकत्र पुऱ्या होऊच शकत नाहीत. थोडी तडजोड करून १९९७ मध्ये एस-मॉड्यूल आणि २००० मध्ये सिमेट्रिक स्पेक्ट्रा अशा स्पेक्ट्रांच्या दोन नव्या रचना पुढे आल्या.

थोडक्यात, पायाचं बरंचसं काम पंचवीस वर्षांपूर्वीच उरकलंय. नवे पुष्कळ लेख इन्फिनिटी-कॅटेगरीच्या, म्हणजे होमोटोपी आतच सामावून घेणाऱ्या नव्या चौकटीच्या भाषेत येतात. म्हणून ‘आणखी एक मॉडेल स्ट्रक्चर’ एवढ्यावरच प्रबंध बेतायचा, हे मला पटत नाही. साधन म्हणून मात्र ते यायलाच हवं. हिल, हॉपकिन्स आणि रॅव्हेनेल यांनी केर्व्हेअर इन्व्हेरियंटचा (काही आकारांना लावायच्या ० किंवा १ या खुणेचा) जुना प्रश्न जवळपास निकालात काढला (२०१६ मध्ये प्रसिद्ध), तेव्हा इक्विव्हेरियंट (सममितीसकट घेतलेल्या) ऑर्थोगोनल स्पेक्ट्रांचा पाया त्यांना बारकाईने तपासून घ्यावा लागला. टेलिस्कोप कंजेक्चर हा याच क्षेत्रातला गाजलेला अंदाज तर २०२३ मध्ये खोटा ठरला. क्षेत्र थंडावलेलं नाही!

तिला एक काम द्या. सिमेट्रिक स्पेक्ट्रांत एफ-वन एस-वन (पहिल्या पातळीवर वर्तुळ ठेवून मुक्तपणे बनवलेला स्पेक्ट्रम) पासून स्फिअर स्पेक्ट्रमकडे (गोलांच्या मालिकेकडे) जाणारं नैसर्गिक फलन स्टेबल इक्विव्हॅलन्स आहे, म्हणजे मॉडेल स्ट्रक्चर ते समतुल्य धरतं, तरी होमोटोपी ग्रुपांवर ते आयसोमॉर्फिझम (तंतोतंत जुळणी) नाही. स्फिअरचा शून्यावा ग्रुप पूर्णांकांचा. एफ-वन एस-वनच्या बाजूला मात्र पूर्णांकांच्या अनंत प्रतींची बेरीज निघते. हे तिनं स्वतः कागदावर करून पाहावं. आठवडाभर अडकूनही वही मिटावीशी वाटली नाही, तर पुढचं बोलू. त्याआधी होमोलॉजी, फायब्रेशन आणि स्पेक्ट्रल सीक्वेन्स ही या विषयाची पायाभूत साधनं हाताखालून गेलेले हवेत. व्हिडिओ पाहून ते येत नाहीत.

तुमची पोटाची काळजी रास्त आहे. पण बँकेपेक्षा सेट-नेट बरी, कारण अभ्यास वाया जात नाही आणि सीनियर कॉलेजात शिकवण्याची वाट खुली राहते. त्या अभ्यासक्रमात मॉडेल कॅटेगरी नाहीच. तिथं ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा पक्कं लागतं. सोबत नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्सची शिष्यवृत्ती परीक्षा आणि टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) प्रवेश परीक्षाही द्यावी. अर्ज करण्याआधी पुण्याची आयसर, कोलकात्याची आयएसआय अशा ठिकाणी अल्जिब्राइक टोपोलॉजीत सध्या कोण काम करतंय, हे पाहावं. बाहेर जायचं असेल, तर जर्मनीतल्या बॉनमध्ये या विषयाची मोठी परंपरा आहे.

मार्गदर्शकांना पत्र लिहिताना ‘मला मॉडेल स्ट्रक्चर आवडतात’ असं लिहू नये म्हणावं. वर दिलेला हिशेब जिथं अडला ती जागा लिहावी, दोन परिच्छेदांत.